पृथ्वीचा आक्रोश ऐकू आल्यावर काय करायचं? कॅथलिक भाविकांसाठी पायरी-पायरीनं

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी गाठतं आणि विचारतं, "पर्यावरणासाठी काहीतरी करायचं मनात आहे, पण नेमकं काय करू?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वृक्षारोपण असतं. झाडं लावायलाच हवीत. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. पुढच्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त रोपं वाळून गेली, कारण पाणी कोण घालणार हे ठरलंच नव्हतं. पण त्याहून मोठी चूक पुढे कळली. विहिरी कशामुळे आटतात, धूर कोणाच्या परवानगीनं निघतो, पूर आला की पहिल्यांदा कोणाचं घर बुडतं, यातला एकही प्रश्न आम्ही कोणाला विचारला नव्हता.

चर्च ज्याला सृष्टीची काळजी म्हणतं, त्यात हे प्रश्न विचारणं येतं. ज्याचं नुकसान होतंय त्याच्या बाजूनं उभं राहणं आणि निर्णय घेणाऱ्याच्या दारात जाऊन बोलणं येतं. याला जनवकिली म्हणतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं कोणत्या क्रमानं पावलं टाकावीत, ते अनुभवातून सांगतो आहोत.

पहिली पायरी: वाचा, पण एकट्यानं नको

पाया आहे पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक, म्हणजे पोपनी लिहिलेलं शिकवणुकीचं पत्र. ते १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झालं. त्याचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातून आलं आहे, अर्थ 'तुझी स्तुती असो'. सहा प्रकरणं आणि २४६ परिच्छेद आहेत. पहिल्या पानापासून सलग वाचायला बसलात तर बहुधा तिसऱ्या प्रकरणात अडकाल, कारण तंत्रज्ञान आणि सत्तेविषयीची तिथली मांडणी जड आहे. आमचा सल्ला असा: आधी पहिलं प्रकरण वाचा. त्यात पाणी, प्रदूषण, जैवविविधता आणि विषमता यांचं वर्णन आहे. मग थेट चौथ्यावर जा, नंतर पाचव्यावर. राहिलेली तीन त्यानंतर सावकाश वाचा.

दोन परिच्छेदांवर खूण करून ठेवा. ४९व्यात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितलं आहे. १३९व्यात म्हटलं आहे की पर्यावरणाचं एक संकट आणि समाजाचं दुसरं, अशी दोन संकटं नाहीत; संकट एकच आहे, आणि ते गुंतागुंतीचं आहे. बाकीचं सगळं परिपत्रक या दोन परिच्छेदांभोवती फिरतं असं आम्हाला वाटतं.

त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२३ चं त्यांचंच पुढचं पत्र, 'लाउदाते देउम', घ्या. ते अवघ्या ७३ परिच्छेदांचं आहे, एका संध्याकाळी वाचून होतं. भाषा जास्त धारदार आहे. आठ वर्षांत जगानं पुरेसं काही केलं नाही, ही पोप फ्रान्सिस यांची व्यथा त्यात दिसते. हवामान बदलाची टर उडवणारी मतं खुद्द कॅथलिकांमध्येही आहेत, म्हणून हे पुन्हा सांगावं लागतंय, असंही ते त्यात स्पष्ट लिहितात.

पाच-सहा जणांनी एकत्र बसून वाचा. एका बैठकीला दोन-तीन परिच्छेद पुरतात. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्दाइन यांनी तरुण कामगारांसाठी रुजवलेली 'पाहा, पारखा, कृती करा' ही पद्धत वापरा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ मध्ये तिला मान्यता दिली. आधी आपल्या भोवती काय दिसतं ते सांगायचं, मग शुभवर्तमानाच्या उजेडात ते पारखायचं, आणि उठण्याआधी एक कृती ठरवायची. तिसरा भाग वगळला की बैठकांचं अभ्यासमंडळ होऊन बसतं. आमचे पहिले सहा महिने असेच गेले.

'हवामान न्याय' म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं

कोळसा, तेल आणि वायू जाळून हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं तिथेच राहतो. आजची तापमानवाढ म्हणूनच कालच्या धुरातून आलेली आहे, आणि तो धूर प्रामुख्यानं श्रीमंत देशांचा आहे. मार मात्र पहिल्यांदा बसतो तो किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला, पावसावर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला. ज्यानं कमी बिघडवलं त्यानं जास्त भोगायचं, हा अन्याय आहे. 'लाउदातो सी' याला पर्यावरणीय ऋण म्हणतं: जगाच्या उत्तरेकडचे देश दक्षिणेकडच्या देशांचं देणं लागतात. जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही. एवढं नीट समजलं तर पुढच्या चर्चेत दानाची भाषा आणि हक्काची भाषा यांतला फरक आपोआप राखला जाईल.

दुसरी पायरी: आक्षेपांची तयारी

"हे पोप फ्रान्सिस यांचं नवीन काढलेलं आहे," असं कोणीतरी म्हणणारच. वाद न घालता क्रम सांगा. पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्येच निसर्गाच्या अविचारी उपभोगाबद्दल इशारा दिला होता. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणासाठी झटणाऱ्यांचा आश्रयदाता संत घोषित केलं, आणि १ जानेवारी १९९० चा त्यांचा विश्वशांती दिनाचा संदेश पूर्णपणे याच विषयावर होता. फिलिपाइन्सच्या बिशपांनी तर १९८८ मध्येच आपल्या तोडल्या जाणाऱ्या जंगलांवर पत्र काढलं होतं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या काळात, २००८ साली, व्हॅटिकनच्या पोप सहावे पॉल सभागृहाच्या छतावर सुमारे २४०० सौर पॅनेल बसले.

"देवानं माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे ना?" हा दुसरा आक्षेप. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ते वचन खरंच आहे. पण दुसऱ्याच अध्यायाच्या पंधराव्या वचनात माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. राखणदार बाग विकून खात नाही.

"चर्चनं विज्ञानात आणि राजकारणात पडू नये" हा तिसरा. याचं उत्तर परिपत्रकातच आहे: वैज्ञानिक प्रश्नांचा निवाडा करण्याचा किंवा राजकारणाची जागा घेण्याचा चर्चचा दावा नाही, पण काही जणांच्या सोयीपायी सर्वांचं हित बुडू नये म्हणून प्रामाणिक, खुली चर्चा व्हावी हा आग्रह आहे. ही मर्यादा तुम्हीही पाळा. आकडे वैज्ञानिकांचे घ्या, आणि निवडणुकीत कोणत्याही पक्षाचा झेंडा हातात घेऊ नका. एकदा तुमचा गट एखाद्या पक्षाचा समजला गेला की निम्मे लोक पुढचं काही ऐकतच नाहीत.

तिसरी पायरी: ज्याला झळ बसली त्याच्याकडे जा

कागद करण्याआधी ही भेट व्हायला हवी. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, अशी कुटुंबं असतातच: ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांचं पीक दोन हंगाम गेलं, उन्हात काम करून ज्यांना भोवळ येते. दोघं जा, तिघांहून जास्त नको. वही नंतर काढा, आधी बसा. "तुमच्यासाठी काय करू?" असं पहिल्या भेटीत विचारू नका, कारण समोरचा संकोचानं काहीतरी लहानसं मागतो आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी विचारा, "गेल्या दहा वर्षांत काय बदललं?" आम्हाला एका आजींनी हाताची पाची बोटं भिंतीवर आडवी टेकवून दाखवलं, आधी पाणी इथपर्यंत यायचं. मग हात खांद्याच्या उंचीवर नेला, आता इथपर्यंत येतं. भिंतीवरचा ओलीचा डागही तिथेच होता. पुढे अधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनात आम्ही त्या दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजून लिहिलं. त्या बैठकीत बाकीच्या कशापेक्षाही त्या ओळीवर जास्त बोलणं झालं.

आणि शक्य तिथे त्यांनाच बोलू द्या. आपण त्यांचा आवाज व्हायचं, ही कल्पना ऐकायला चांगली वाटते, पण त्यांना आवाज आहे. त्यांना खुर्ची मिळत नाही, ती मिळवून द्या.

चौथी पायरी: फादरांशी बोलणं

बरेच गट इथे बिचकतात. धर्मगुरूंच्या मागे आधीच शंभर कामं असतात, त्यामुळे "फादर, तुम्ही काहीतरी करा" असं म्हणत जाऊ नका. "आम्ही सहा जण हे करायला तयार आहोत, आम्हाला एवढी परवानगी हवी" असं म्हणत जा. मागणी कागदाच्या अर्ध्या पानात मावली पाहिजे. आधी पॅरिश कौन्सिलमधल्या, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळातल्या, एक-दोघांच्या कानावर घाला, म्हणजे विषय सभेत अचानक येणार नाही.

नकार आला तर? कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, २१२व्या कलमात श्रद्धावंतांना असा हक्क दिला आहे की चर्चच्या हिताच्या गोष्टींत त्यांनी आपलं मत धर्मपालांना, म्हणजे बिशप आणि धर्मगुरूंना, कळवावं. कधी कधी ते कर्तव्यही ठरतं. अर्थात आदर राखून. हे कलम बैठकीत आपटून दाखवण्यासाठी सांगत नाही. तुम्ही काही आगाऊपणा करत नाही आहात, एवढं तुम्हाला स्वतःला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

पाचवी पायरी: आधी आपलं घर

दुसऱ्याला सांगण्याआधी चर्चच्या आवारात काय चाललंय ते पाहा. गेल्या बारा महिन्यांची विजेची बिलं मागून घ्या आणि एका कागदावर महिन्यानुसार युनिट लिहा. रुपये-पैसे नको, युनिटच लिहा. दर बदलतात, युनिट खरं सांगतात.

मग रात्रीचं मीटर पाहा. या कामाला खर्च शून्य आणि उपयोग फार मोठा. सगळे कार्यक्रम संपून दिवे मालवल्यावर मीटरचा आकडा टिपा, आणि सकाळी कुलूप उघडण्याआधी पुन्हा टिपा. कोणी नसताना जेवढे युनिट जळले, ती गळती. आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकडा पाहून वाटलं मीटर बिघडलंय. पुन्हा तीन रात्री टिपलं, आकडा तोच. मग खोलीनं खोली शोधत गेलो. सभागृहामागच्या अडगळीत एक जुना फ्रीज घरघरत होता, आत पाण्याच्या दोन बाटल्या. घंटाघराच्या मागच्या बाजूचा एक मोठा दिवा झाडीआड दिवसरात्र पेटलेला होता. पाण्याच्या टाकीतून पाणी ओसंडत होतं आणि पंप पुन्हा पुन्हा सुरू होत होता. हे तिन्ही दुरुस्त करायला एक आठवडा लागला. सौर पॅनेलची चर्चा त्यानंतर करा, कारण गळती थांबवली की पॅनेल कमी लागतात.

असंच पाण्याचं, कचऱ्याचं आणि सणांच्या वेळच्या एकदाच वापरून फेकायच्या थाळ्या-पेल्यांचं पाहा. व्हॅटिकनच्या समग्र मानवी विकास खात्यानं २०२१ मध्ये 'लाउदातो सी कृती मंच' सुरू केला. त्यात कुटुंबं, धर्मग्राम, शाळा, रुग्णालयं, धर्मसंघ यांनी आपापला आराखडा करून नोंदणी करायची असते. पृथ्वीचा आक्रोश, गरिबांचा आक्रोश, अर्थव्यवस्था, राहणी, शिक्षण, अध्यात्म आणि समाजाचं बळ अशी सात उद्दिष्टं आहेत. सातही एकदम हातात घेऊ नका. दोन घ्या.

सहावी पायरी: प्रार्थना वेगळी ठेवू नका

१ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस. ऑर्थोडॉक्स चर्चनं तो १९८९ मध्ये सुरू केला, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कॅथलिकांसाठी स्वीकारला. तिथपासून ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचा काळ अनेक ख्रिस्ती पंथ एकत्र पाळतात. वर्षाचं काम याच पाच आठवड्यांभोवती आखा. सृष्टीच्या काळजीसाठी मिस्सेच्या खास प्रार्थना २०२५ मध्ये मंजूर झाल्या आहेत. पोप चौदावे लिओ यांनी ९ जुलै २०२५ रोजी कास्तेल गांदोल्फो इथे त्या मिस्सेत वापरल्या. फादरांना त्याबद्दल जरूर विचारा.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत "पर्यावरणासाठी" एवढं मोघम नको. ज्या नदीचं पाणी खराब झालंय तिचं नाव घ्या. ज्यांची घरं गेली त्यांच्या वस्तीचं नाव घ्या.

सातवी पायरी: निर्णय घेणाऱ्याच्या दारात

जनवकिलीचा खरा भाग हा. यासाठी एल साल्वादोरचं उदाहरण मुळातून समजून घ्यावं असं आहे. मध्य अमेरिकेतला छोटा देश, पाण्याची आधीच टंचाई, आणि धातूच्या खाणींमुळे नद्या विषारी होण्याची भीती. तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, त्यात काहींचे जीवही गेले. चर्च त्यांच्यामागे उभं राहिलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सान साल्वादोरचे आर्चबिशप होसे लुइस एस्कोबार आलास लोकांसह चालत संसदेवर गेले आणि कायद्याचा मसुदाच हातात ठेवला. २९ मार्च २०१७ रोजी संसदेनं सर्व धातूंच्या खाणींवर बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश ठरला.

तिथे काय होतं ते पाहा. मागणी एक होती. ती कोणाकडे करायची ते ठरलेलं होतं. हातात तक्रार नव्हती, तयार मसुदा होता. आणि बिशपांच्या मागे ज्यांची विहीर धोक्यात होती ते लोक चालत होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठवण्यात आली. मार्च २०२५ मध्ये तेच आर्चबिशप दीड लाखाच्या आसपास सह्या घेऊन पुन्हा संसदेच्या दारात उभे होते. या कामात मिळवलेलं राखावं लागतं, आणि गेलेलं परत मागावं लागतं.

तुमची मागणी याहून खूप लहान असेल, पण रीत हीच. नाल्यावरचं अतिक्रमण, उघड्यावर जाळला जाणारा कचरा, बंद पडलेली बससेवा, उष्णतेच्या दिवसांत बाहेर काम करणाऱ्यांसाठी सावली आणि पाणी: यातलं एक निवडा. ते नेमक्या कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतं ते शोधा, कारण चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. निवेदन एका पानाचं ठेवा. पहिल्या ओळीत मागणी, मग मोजलेल्या गोष्टी, मग मुदत. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा. त्या दिवशीच पुढच्या भेटीची तारीख वहीत टाका. अधिकारी बदलला की जुन्या पोचा दाखवून पहिल्यापासून सांगायची तयारी ठेवा. आणि कोणी चांगलं काम केलं तर आभाराचं पत्रही तितक्याच तत्परतेनं द्या. हे पत्र लिहिणारे फार थोडे असतात, म्हणून ते लक्षात राहतं.

शक्य तिथे इतर धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या शेजाऱ्यांना बरोबर घ्या. परिपत्रक पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला उद्देशून लिहिलेलं आहे.

पैशाचा प्रश्न

हा विषय नाजूक आहे, म्हणून पहिल्या वर्षी काढू नका, पण सोडूनही देऊ नका. धर्मप्रांत, शाळा, धर्मसंघ यांच्या ठेवी कुठे आहेत? ती बँक तो पैसा कशात घालते? कोळशाच्या खाणीविरुद्ध प्रार्थना करायची आणि तिलाच भांडवल पुरवायचं, हे जुळत नाही. व्हॅटिकननं २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात पर्यावरणाला हानी करणाऱ्या कंपन्यांपासून गुंतवणूक दूर ठेवण्याचा विषय आला, आणि २०२२ मध्ये श्रद्धेला धरून गुंतवणूक कशी करावी यावर 'मेन्सुराम बोनाम' हा दस्तऐवज निघाला. तुम्ही आरोप करू नका. हिशेब सांभाळणाऱ्यांना एक लेखी प्रश्न विचारा: "आपलं याबाबत धोरण आहे का?" नसेल तर ते तयार करायला मदत करा.

जगाच्या पातळीवर

२०२२ मध्ये व्हॅटिकन संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात आणि पॅरिस करारात सामील झालं, त्यामुळे दरवर्षीच्या हवामान परिषदेत त्याला टेबलावर जागा आहे. १ जुलै २०२५ रोजी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांच्या महासंघांनी ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेआधी एकत्र येऊन हवामान न्यायाची हाक दिली. ज्यांना झळ बसते त्या खंडांमधलं चर्च एका सुरात बोललं, म्हणून तो दस्तऐवज आम्हाला फार मोलाचा वाटतो. परिषदेच्या काळात तुमच्या देशाच्या प्रतिनिधींना पत्र पाठवा, आणि त्यात तुमच्या भिंतीवरच्या खुणांचं अंतर लिहा.

सुरक्षेबद्दल एक गंभीर गोष्ट

सिस्टर डोरोथी स्टँग मूळच्या अमेरिकन. त्यांनी ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये अनेक दशकं गरीब शेतकरी आणि जंगल यांच्यासाठी काम केलं. १२ फेब्रुवारी २००५ रोजी अनापू इथे त्यांना गोळ्या घालून मारलं. त्या ७३ वर्षांच्या होत्या. जमीन, वाळू, खाण, लाकूड यांत पैसा गुंतलेला असतो, आणि तो आडवा येणाऱ्याला ओळखतो. म्हणून अशा विषयात एकट्यानं कुठे जाऊ नका, पत्रावर एकाची सही नको, सगळ्यांची असू द्या, आणि कागदपत्रांच्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. धमकी आली तर त्याच दिवशी धर्मगुरू, वकील आणि पोलीस या तिघांना लेखी कळवा. ज्या कुटुंबानं तुम्हाला माहिती दिली त्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुठेही येता कामा नये.

पहिल्या बैठकीला काय करायचं

दीड तास पुरतो. दहा मिनिटं शांतता आणि उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन. मग 'लाउदातो सी'चा ४९वा परिच्छेद मोठ्यानं, सावकाश, दोनदा. मग प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची: माझ्या लहानपणी इथे काय होतं, जे आता नाही. मध्ये कोणी कोणाला तोडू नये. याला वेळ लागतो, लागू द्या. आमच्यातले एक गृहस्थ, जे कधी सभेत बोलत नाहीत, ते त्या दिवशी बेडकांच्या आवाजाबद्दल बराच वेळ बोलत राहिले.

उठण्याआधी तीन नावं लिहा: बिलं कोण आणणार, भेटीला कोणते दोघं जाणार, आणि आज रात्री मीटरचा आकडा कोण टिपणार.